मावशींची कात्री

मी एक जुनी छाटणीची कात्री आहे. बागेतले लोक मला सिकेटर म्हणतात. माझ्या लाल मुठींचा रंग आता उडाला आहे आणि स्प्रिंगही दोनदा बदलली आहे. तरी माझी धार अजून शाबूत आहे.

मित्रांनो, दुकानातून मी थेट एका पेरूच्या बागेत आले आणि मावशींच्या हातात पडले. बागेत सगळे त्यांना मावशीच म्हणत. कोणती फांदी काढली की कुठे फूट येईल, हे त्यांना झाडाकडे नुसतं पाहून कळे. संध्याकाळी त्या माझ्या पात्यांवरचा चीक पुसत, तेलाचा थेंब सोडत आणि मगच घरी जात. मालक पाहुण्यांना बाग दाखवायचे तेव्हा झाडांचं फार कौतुक व्हायचं. मावशींचं नाव त्यात कधी निघालं नाही.

छाटणी सहा आठवडे चाले, पुढे तोडणीचे काही महिने. उरलेलं वर्ष मावशी मिळेल ते काम करत. कधी विटा वाहत, कधी कुणाकडे धुणी धुवत.

एका वर्षी मोठ्या रस्त्यावर खोकी बनवणारा कारखाना निघाला. तिथे महिन्याचा पगार होता, आठवड्याची सुट्टी होती. मालकांनी लगेच रोजची मजुरी वाढवली. तरीही मावशी आणि त्यांच्या बरोबरच्या तिघी कारखान्यात गेल्या. शेवटच्या दिवशी मावशींनी मला नेहमीसारखं पुसलं, खिळ्याला अडकवलं आणि थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

मग छाटणीला बाहेरची टोळी आली. त्यांना झाडामागे पैसे मिळत, म्हणून ते भराभर कापत सुटले. त्यांना तरी काय बोल लावणार? जितकी झाडं उरकतील तितकीच त्यांची कमाई. फांद्या चिरल्या, साली सोलवटल्या. माझी स्प्रिंग तुटली तेव्हा मला बांधावर टाकून दिलं. मी पावसात गंजत पडले. त्या हंगामात पेरू निम्म्यावर आले.

मालकांना मी चिखलात सापडले. मला फडक्यात गुंडाळून ते मावशींच्या घरी गेले.

"ही जरा दुरुस्त होईल का, बघता?" ते म्हणाले.

मावशींनी सुनेला कानस आणायला सांगितली आणि माझा गंज खरवडू लागल्या. मालक बराच वेळ घुटमळले. शेवटी म्हणाले, "मजुरी वाढवली होती, मावशी. तरी गेलात तुम्ही."

"वाढवली, पण छाटणी-तोडणीपुरती. आमची चूल बारा महिने पेटते," मावशी म्हणाल्या. मग कानस थांबवून हळूच म्हणाल्या, "आणि इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीत, 'मावशी, तुम्हाला काय वाटतं?' मला कळतं हो झाडातलं."

मालक पाणी पिऊन निघून गेले.

आठ दिवसांनी ते परत आले. रिकाम्या महिन्यांत बागेतच कलमांची रोपवाटिका काढायची आणि मावशींनी ती सांभाळायची, असं त्यांनी ठरवलं होतं. काम वर्षभर, आजारपणाची रजा पगारी. मावशींनी लगेच होकार दिला नाही. तिघींसाठीही हेच कागदावर लिहून मागितलं. ते मिळालं तेव्हाच त्या परतल्या. तिघींपैकी एक कारखान्यातच राहिली. तिचं तिथे बरं चाललं आहे.

पहिल्या सकाळी मालक एका चिरलेल्या झाडापाशी थांबले. "मावशी, हे वाचेल?" त्यांनी विचारलं. मावशींनी झाडाला एक फेरी मारली, साल चाचपली. "वाचेल. पण यंदा फळ धरायचं नाही," त्या म्हणाल्या. मालकांनी मान डोलावली आणि त्या झाडाला फळ धरू दिलं नाही.

मित्रांनो, मी लोखंडाची. मला थेंबभर तेल पुरतं. तुम्ही पुढे कुणाला कामावर ठेवाल, तेव्हा त्याचं घर वर्षभर कशावर चालतं याची चौकशी करा. आणि त्याच्या कामातलं त्यालाच विचारा.