दारातला नमस्कार

गंजात गंज बसवायला अश्लेषाला दोन वर्षं लागली होती. मोठ्या पातेल्यापासून लहानापर्यंत सात गंज, मधे वर्तमानपत्राचा कागद, वरून सुतळी. पोरीला सगळंच उशिरा उमगायचं, पण एकदा शिकली की काळ्या दगडावरची रेघ. विशेष मुलांच्या शाळेत उत्तरा मॅडमनी तिच्याकडून हे काम घोटून घेतलं. अठरा पूर्ण झाली की शाळा संपते. मग काम मिळवायचं, नाहीतर घरी भिंतीकडे बघत बसायचं. म्हणून इतवारी बाजारातल्या बाबारावांनी तिला आपल्या भांड्यांच्या दुकानात घेतलं, तेव्हा मॅडमनी शाळाभर पेढे वाटले. बाबारावांनी तिच्यासोबत फोटो काढला, पेपरात छापून आणला आणि गल्ल्याच्या वर टांगला.

आठव्या दिवशी मॅडम हातगाड्यांमधून वाट काढत दुकानात पोचल्या. अश्लेषा दारात स्टुलावर बसली होती, भरजरी साडी नेसून. गिऱ्हाईक आलं की उठायचं, हात जोडायचे, पुन्हा बसायचं. आत एक गडी गंज बांधत होता, तेही कागद न घालता.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबाराव, हिला बांधणीच्या कामासाठी घेतलं होतं ना?"

"त्याले गडी आहे ना मॅडम. हिले काहून तरास द्यायचा? लोक म्हणतात, बाबाराव पुण्याचं काम करून राहिले. अन् नमस्कार त काय करते पोरगी! मी नाही शिकवला बरं. तुमच्याच शाळेतून शिकून आली."

आधी किळस आली ती बाबारावांची. मग अश्लेषा पुढच्या गिऱ्हाइकासाठी उठली, टाचा जुळवल्या, मान तिरपी केली, दात न दाखवता हसली, आणि मॅडमना स्वतःचीच शिसारी आली. शाळेत देणगीदार आले की शिकवणं थांबायचं. मुलं रांगेत, टाचा जुळलेल्या; चुकलं की पुन्हा. गंज दोन वर्षं शिकवले, नमस्कार बारा वर्षं.

त्यांनी अश्लेषाचा हात धरला, तिला आत नेलं आणि सात गंज तिच्यापुढे मांडले. "बांध वं. दाखव यांना."

अश्लेषाने पदर खोचला. मोठा गंज, कागद. दुसरा गंज, कागद. बोटं झरझर चालली. गडी हातातलं काम सोडून बघत राहिला. बाबारावही गल्ल्यावरून उठून जवळ आले. "येते की हो हिले!" ते म्हणाले. मॅडमचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दारात एक नवरा-बायको आले. अश्लेषाने चौथा गंज हातातून तसाच सोडला, ताडकन उठली, टाचा जुळवल्या. गंज गडगडत मॅडमच्या पायाशी आला.

"अय्या, किती छान शिकवलं हो हिले!" बाई म्हणाली.

बाबारावांनी कौतुकाने मॅडमकडे बोट दाखवलं. "या मॅडमनं."