दोन पौंड गॅस

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या व्हर्नचा तरणा मुलगा लायफ गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला आणि बर्फ फुटून बुडाला. चर्चमधली प्रार्थना आटोपून माणसं घरी जमली, तेव्हा व्हर्न शेजारच्या गॉर्डनला घेऊन तळघरात उतरला. बापलेकांनी घरी केलेल्या बिअरचं शेवटचं पिंप तिथे होतं, आणि बिअर नळातून बाहेर ढकलणाऱ्या गॅसचा सिलिंडर त्याला जोडलेला होता.

"गॅस पुरेल ना?" गॉर्डनने विचारलं. "मीटर तर भरलेला दाखवतोय."

"मीटरचं काही खरं नसतं. गॅस अगदी संपत आल्याशिवाय तो हलत नाही. वजनच करावं लागतं. लायफनेच शिकवलं मला."

व्हर्नने मीटर आणि नळी काढून सिलिंडर मासे तोलायच्या काट्याला अडकवला. साडेनऊ पौंड भरला. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या मानेवर कोरलेलं होतं, साडेसात.

"दोन पौंड आहे की," गॉर्डन म्हणाला. "अजून चार पिंपं आरामात निघतील."

व्हर्न पायरीवर बसला. "ती करणार कोण, गॉर्डन? मला कुठे येतं? मी नुसती त्याची भांडी घासायचो."

गॉर्डनने सिलिंडर पुन्हा जोडला. मग व्हर्नने आलेल्या प्रत्येकाचा पेला स्वतः भरला. स्वतःसाठी मात्र त्याला नळ उघडवला नाही.