नाकवाल्या लॉरीचं पहिलं ओझं

रघुराम रावांचे हात स्वस्थ राहत नसत. कुंभकोणमला त्यांचा दातांचा दवाखाना होता. पेशंटच्या तोंडात असले की तेवढ्यापुरते ते हात स्थिर. बाहेर आले की लगेच काहीतरी चाचपू लागत, पिळू लागत, पुसू लागत.

गेली काही वर्षं या हातांना एकच काम होतं. नाचियार्कोविल् रस्त्यावर एका बंद भातगिरणीच्या शेडमध्ये त्यांची लॉरी उभी होती. साठच्या दशकातली, पुढे लांब नाकासारखं बॉनेट असलेली. वीटभट्टीमागे गंजत पडलेली ती त्यांनी आणली, तेव्हा हौद्यातून पिंपळाचं रोप वर आलं होतं. आता ती निळी-पिवळी झळकत होती. रविवारी कोइंबतूरला जुन्या अवजड गाड्यांच्या शौकिनांचा मेळावा भरणार होता, आणि शनिवारी सकाळी तिला न्यायला ट्रेलर येणार होता.

शुक्रवारी दुपारी ते पुन्हा लॉरीखाली शिरले होते.

"तेच नट किती वेळा आवळणार?" बायको विशालाक्षीनं विचारलं.

"खडखड येतेय कुठून तरी."

"मला नाही ऐकू येत."

"तू लक्ष देऊन ऐकत नाहीस."

"लग्न झाल्यापासून तेच तर करतेय मी."

खरी धास्ती खडखडीची नव्हती. लॉरीच्या चासीला, खालच्या लोखंडी सांगाड्याला, उजवीकडे भेग होती. तिथे पोलादी पट्टी रिवेट करून त्यांनी ती सांधून घेतली होती. सांधा पक्का आहे, असं ज्यानं ज्यानं पाहिलं त्यानं सांगितलं, पण रघुरामना पटत नव्हतं. लॉरी रिकामी फिरवून पाहिली होती, ओझं कधीच घातलं नव्हतं.

"चल, एक फेरी मारू," ते म्हणाले. विशालाक्षी पदर खोचून केबिनमध्ये चढली. घरी बसले असते तर त्यांनी मिक्सर उघडला असता, हे तिला ठाऊक होतं.

नाचियार्कोविल्‌च्या अलीकडे अर्धा रस्ता भातानं अडला होता. वाळत घातलेलं भात पोत्यांत भरायची धांदल चालली होती. पूर्वेला आभाळ काळंभोर झालं होतं. जानेवारीतला पोंगलचा सण उलटून गेल्यावर असा पाऊस कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. त्या धांदलीत रघुरामची मावसबहीण गायत्री उभी होती. नवरा गेल्यावर शेती तीच बघत असे. लॉरी पाहताच ती हात वर करून रस्त्यात आली.

"रघुअण्णा! देवासारखे आलात. सगळ्यांची कापणी एकदम आली, एक लॉरी मिळेना. आडुतुरैच्या गिरणीत जागा आहे, तेवढं पोचवून द्या."

रघुरामचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. "गायत्री, ही प्रदर्शनाची गाडी आहे. उद्या जायची आहे."

"लॉरीच आहे न्हवं?"

"ओझं झेपेल की नाही, मला माहीत नाही."

"ताडपत्री एकच आहे, अण्णा. अर्धं भात भिजणार." ती रागावली नव्हती. आभाळाकडे बघून ती परत पोती शिवायला वळली.

त्यांनी इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं. मग ते एकदम खाली उतरले आणि स्वतःच हौद्याचा मागचा फाळका पाडला.

हौद्यात पोती पडू लागली. प्रत्येक पोत्यासरशी ते वाकून सांध्याकडे बघत. नव्या रंगावर पहिला ओरखडा उठला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. स्प्रिंगचे पाटे दबले, लॉरी खाली बसली. गायत्री केबिनमध्ये विशालाक्षीशेजारी दाटीवाटीनं बसली.

निघाल्यावर थोड्या वेळानं विशालाक्षी म्हणाली, "तुमची खडखड कुठे गेली?"

खरंच गेली होती. वजनाखाली लॉरी रस्त्याला धरून, जडपणे, दमदार आवाजात चालली होती. तरी रघुरामचा कान खालीच लागलेला.

अरसलार नदीच्या पुलाच्या चढावर समोरून बस आली आणि त्यांना थांबावं लागलं. पहिले थेंब काचेवर आपटले. त्यांनी क्लच सोडत ॲक्सिलरेटर दाबला, जळका वास आला, लॉरी थरथरली, आणि मागून खणकन आवाज झाला.

"गेली!" रघुराम ओरडले. हँडब्रेक ओढून, चाकाखाली दगड लावून ते भर पावसात रस्त्यावर आडवे झाले. मोबाइलचा उजेड सांध्यावर धरला. पट्टी जागेवर होती. रिवेट जागेवर होते. बोट फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं.

"अहो, इकडे या," मागून विशालाक्षीची हाक आली. फाळक्याची साखळी तुटून लोंबत होती आणि एक पोतं निम्मं बाहेर आलं होतं. तिघांनी मिळून ते आत रेटलं. गायत्रीनं दोर दिला. गाठ मारताना रघुरामना हसू फुटलं, मग थांबेचना. दोघी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

आडुतुरैला पोचेपर्यंत वरची काही पोती भिजली, बाकीचं भात कोरडं उतरलं. गिरणीच्या पत्र्याखाली रघुराम लॉरीभोवती फिरले. फाळक्याचा रंग गेला होता, हौद्याच्या फळ्यांत भाताचे दाणे अडकले होते. त्यांनी मेळावा भरवणाऱ्या क्लबच्या सतीशकुमारांना कोइंबतूरला फोन लावला.

"ट्रेलर पाठवू नका."

"का? काय झालं?"

"मी चालवत आणतो."

"डॉक्टर, वेड लागलंय का? एवढ्या लांब?"

"उद्या सकाळी निघतो. साखळी तेवढी बसवून घेतो."

विशालाक्षीनं कपाळाला हात लावला, पण सकाळी डबा घेऊन तीच आधी केबिनमध्ये बसली होती.

करूरच्या पुढे रेडिएटर उकळला आणि तिथेच मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी मैदानावर पोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती, खुर्च्या उचलल्या जात होत्या. धुळीनं माखलेली लॉरी आत शिरताच निघालेले लोक परत फिरले. कुणी बॉनेटला हात लावला, कुणी वाकून खाली पाहिलं. रघुरामनी सांध्याची पट्टी स्वतःहून दाखवली.

सतीशकुमार ओरखड्यांकडे बघत चरफडत आले. "कसली दशा केलीत हिची!" मग त्यांनी दार उघडलं आणि वर चढत म्हणाले, "सरका जरा. एक फेरी मला मारू द्या."