दोन चौकटची बोली

वर्षभरात सासरेबुवांचे तीन भिडू सुटले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. ब्रिजच्या क्लबात माणसं भलती सभ्य. पण रिटायर पोस्टमास्तरांना, भिडूला आपली पानं सुचवणाऱ्या, ठरलेल्या बोल्या आठवत नाहीत, ही कुजबुज होतीच. शेवटी दातांची डॉक्टर असलेली सून गुरुवारी दवाखाना बंद ठेवून त्यांच्यासमोर भिडू म्हणून बसू लागली.

ती त्यांना बाबा म्हणायची. त्यांची अट एकच. "सूनबाई, मला सांभाळून घ्यायचं नाही. ठरलंय तेच बोलायचं."

ठरलं होतं असं : विरुद्ध जोडीचाच रंग आपण बोललो, तर तो आपल्याला नकोय. अर्थ असा : माझ्याकडे इस्पिक आणि बदाम दोन्ही भरपूर आहेत, तुम्ही हवा तो निवडा.

आज चषकाचा शेवटचा डाव. सुनेनं पानं उचलून रंगवार लावली. सहा इस्पिक, पाच बदाम, सगळी तालेवार मंडळी! उजवीकडचे चष्मेवाले म्हणाले, "एक चौकट."

बाबांना आठवेल? नुसतं इस्पिक बोललं तर धोका नव्हता, पण बदाम झाकलेलेच राहिले असते. शिवाय ते सांभाळून घेणंच झालं असतं. तिनं मन घट्ट केलं.

"दोन चौकट."

चष्मेवाल्यांच्या बायकोनं पास दिला. बाबांनी पानं पुन्हा लावली, छताकडे पाहिलं आणि खुशीत म्हणाले, "पास!"

झालं! चष्मेवाल्यांनीही हसू दाबत पास दिला. आता शत्रूचा रंग हुकूम आणि खेळायचं हिनं. बाबांनी पानं मांडली : चौकटची तीन फुटकळ पानं आणि बदामचा राजा, सोबत तीन बदाम. बदाममध्ये डाव हसत हसत झाला असता. दोनची बोली म्हणजे आठ हात करायचे होते, चार झाले. चषक गेला. तिला रडूच यायचं बाकी होतं.

बाबांनी तिची पानं पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "सरळ इस्पिक बोलायला हवं होतं."

"खबरदार! त्या तिघांनी मला सांभाळून घेत घेत घरी बसवलं. सोपं सोपं बोलायचे. मला कळत नव्हतं होय?" "वर्षभरात मला भिडू समजून बोललीस ती तू एकटी."

जिना उतरताना ते थांबले.

"पुढच्या गुरुवारी अशी पानं आली तर काय बोलशील?"

"दोन चौकट," ती म्हणाली.

"आणि मी?"

ती पायऱ्या उतरू लागली. बाबा तीन पायऱ्या उतरेपर्यंत आठवत होते. मग म्हणाले, "बदाम."