धरणीबाबाचा गुरुवार

गुरुवारी दुपारी बोरदरीच्या टेकाडावर पाय ठेवायला जागा नव्हती. केनवडहून जीपा भरभरून आल्या होत्या, रिसोडच्या एका चहावाल्यानं थेट टेकाडावरच गाडी लावली होती, आणि बांधावरून वर्षानुवर्षं भांडणारी माणसं एकमेकांना सरकून जागा देत होती. सगळ्यांचे डोळे एका पितळी परातीवर होते. परातीत पाणी, पाण्यावर झेंडूचं एक फूल, आणि परातीमागे वाघाच्या कातड्याची छपाई असलेल्या ब्लँकेटवर बसलेले धरणीबाबा.

बाबा कुठून आले हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पाहणारे म्हणत, शेलूबाजारच्या जीपमधून उतरले. बाबा स्वतः म्हणत, पाताळातून वर आलो. पाताळातून येताना त्यांनी गॉगल, ब्लँकेट आणि मोबाईलचा चार्जर बरोबर आणला होता, पण भक्तीला असल्या बारीकसारीक गोष्टी दिसत नाहीत.

"वाजव!" बाबांनी हात वर केला.

सेवालालनं डफड्यावर काडी टाकली. बोरदरीच्या तांड्यातलं एकही लग्न, एकही होळी सेवालालच्या डफड्याशिवाय होत नसे. तो रंगात आला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. आज त्याच्या जोडीला चार थाळ्या होत्या, दोन ढोलक्या होत्या आणि नुसतंच ओरडणारी पोरं तर मोजायलाच नकोत.

"सात पाताळं ओलांडून धरणीमाय येऊन राह्यली!" बाबा गरजले. "शेषनाग कूस बदलून राह्यला! जिसको शक है, वो अपने पाँव को पूछे!"

आणि पावलांनी उत्तर दिलं. तळव्याखालून एक थरथर सर्रकन निघून गेली. परातीतलं पाणी शहारलं, झेंडूचं फूल डुललं. बाया जमिनीला डोकं टेकवून रडू लागल्या, आणि धरमसिंग नायकानं, तांड्याचा कारभारी असूनही, बाबांच्या पायाशी लोटांगण घातलं. बाबांनी एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं नारळ कोणत्या बाजूला रचायचे ते दाखवलं.

यात खोटं नव्हतं ते एवढंच, की बोरदरी पूर्वी एकदा खरोखर हादरली होती. महिन्यापूर्वी एका सकाळी फळीवरची भांडी किणकिणली, कुत्री एकदम भुंकायला लागली आणि हिरीबाईच्या मातीच्या घराची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. पळभराचा खेळ. पण त्याच पळी शाळेत चौथीचा इंग्रजीचा तास चालू होता. उज्ज्वला मॅडमनी फळ्यावर चित्रं लावली होती: आग ओकणारा डोंगर, दुभंगलेला रस्ता. प्रत्येक चित्राखाली इंग्रजी शब्द. सेवालालची पोर रीता फळ्यापुढे उभी राहून शब्द वाचत होती आणि वर्ग तिच्यामागे म्हणत होता. व्होल्कॅनो. लाव्हा. आणि रीतानं ठणठणीत आवाजात "अर्थक्वेक!" म्हटलं, तोच डोक्यावरचा पंखा झुलायला लागला.

मॅडमनी पोरांना रांगेनं मैदानात काढलं. कोणाला खरचटलंही नाही. पण संध्याकाळपर्यंत त्या शब्दाचा अर्थ घरोघरी पोचला होता.

बोरदरीत अंधार पडल्यावर सापाचं नाव कोणी घेत नाही. लांबडं म्हणतात. नाव घेतलं की नाववाला दारात उभा, हे इथं लेकराला चालायच्या आधी शिकवतात. मग धरणीच्या कोपाचं नाव, तेही भरदिवसा, फळ्यापुढे उभं राहून, तीसपस्तीस पोरांकडून वदवून घेतलं, तर दुसरं काय होणार? एवढा अर्धा निष्कर्ष लोकांनी घरच्या घरीच काढला होता. उरलेला अर्धा काढायला बाबा आले.

"इस बच्ची की जीभ खुली है," बाबांनी त्या दुपारी परात शांत झाल्यावर गर्दीतल्या रीताकडे बोट करून जाहीर केलं. "हिच्या जिभेनं माय जागी झाली. आता दर गुरुवारी हालन. पुढच्या गुरुवारी जिभेले तापल्या दाभणाचा चटका देऊ, जीभ बांधू. नाही दिला, तर या टेकाडातून ज्वालामुखी फुटन. मग मले सांगू नका."

सेवालालच्या हातातली काडी खाली पडली. ती त्यानं उचलली. दुसरं काय करावं, त्याला सुचलं नाही.

घरी त्याची आई मोतीबाई चुलीवर दूध तापवत होती. "एका चटक्यानं गाव वाचत असन तं देऊन टाक," ती म्हणाली. "माह्या पोटावर लहानपणच्या डागण्या हायेत. मी मेली का?"

"पोट अलग, आई. जीभ अलग."

"मंग कर मनाचं. उद्या कोणाच्या लेकराच्या अंगावर भिंत पडली की लोक तुलेच विचारतीन."

रीता कोपऱ्यात बसली होती. ही पोर झोपेतसुद्धा बडबडायची. शेळ्यांना पाढे म्हणून दाखवायची. भिंत तडकल्या दिवसापासून तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. भूक लागली तर ताटाकडे बोट दाखवायची. सेवालालला बाबाची भीती वाटत होती, गावाची त्याहून जास्त वाटत होती, पण त्या बोटाकडे पाहिलं की त्याच्या तोंडून होकार निघत नसे.

बुधवारी शाळा सुटल्यावर उज्ज्वला मॅडम स्वतः तांड्यावर आल्या. रिसोडच्या राहणाऱ्या, बोलायला फटकळ. दारात येताच त्यांनी चुलीवरच्या दुधाकडे बोट केलं.

"मोतीबाई, दुधावर साय धरली की खालचं दूध हलायचं थांबतं का?"

"थांबन कायले? जाळ आहे ना खाली."

"मग साय जागेवर राहते?"

"सुरकुतते. एखाद्या वक्ती फाटते."

"झालं. जमीन म्हणजे ती साय. खाली लई खोल तापलेलं आहे, ते हळूहळू सरकतं, वरची साय ताणली जाते, आणि एखाद्या दिवशी कुठं तरी खडक तुटतो. तोच भूकंप. त्याला तुमच्या रीताचा आवाज ऐकू जात नाही. इंग्रजीही येत नाही."

मोतीबाईनं दूध उतरवलं. पटलं असं काही तिनं दाखवलं नाही.

"आन ज्वालामुखी?" सेवालालनं विचारलं. "बाबा म्हणते टेकाडातून फुटन."

मॅडमनी अंगणातला एक काळा दगड उचलून त्याच्या हातात दिला. "हा ज्वालामुखीच आहे. माणूस जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधी इथं लाव्हा वाहिला, थिजला, त्याचा हा दगड झाला आणि दगडाची ही काळी माती. तुम्ही त्यात सोयाबीन पेरता. बाबा ज्याची धमकी देऊन राह्यला, ते येऊन, थंड होऊन, तुमच्या दारात पडलेलं आहे."

सेवालालनं दगड उलटा करून पाहिला. "पण मॅडम, गुरुवारी हालते ते? मी माह्या पायानं पाह्यलं."

"पायानं पाहिलं. कानानं ऐकलं का?"

"डफड्यात कायचं ऐकू येते!"

"भूकंप कधी येणार हे सांगता येणारा माणूस अजून जन्मला नाही, भाऊ. जगातल्या मोठ्या मोठ्या यंत्रांना जमलं नाही. आणि तुमचा बाबा वार सांगतो, वेळ सांगतो, वर नारळ सांगतो! मी गुरुवारी शाळेत होते, गावाच्या त्या टोकाला. तिथं तुमचं डफडं पोचत नाही. मी काय ऐकलं, ते मी सांगणार नाही."

"काहून?"

"सांगितलं तर तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल. कालपर्यंत बाबावर ठेवला, उद्या माझ्यावर. मग फरक काय राहिला? उद्या बाबा 'वाजव' म्हणाला की ऐन रंगात हात थांबवा. बाकी काही करू नका. नुसतं ऐका."

"आन काहीच ऐकू नाई आलं तं?"

मॅडम पहिल्यांदाच थोड्या घुटमळल्या. "तर मी तुमच्या पोरीच्या पुढं उभी राहते. आधी माझी जीभ," त्या म्हणाल्या आणि चप्पल घालून निघून गेल्या.

गुरुवारी गर्दी दुप्पट झाली. लेकराला चटका देताना पाहायला माणसं लांबून येतात. आपल्या माणुसकीचा हा भाग आपण सहसा सांगत नाही. निखाऱ्यांवर दाभण लाल होत होतं. परातीजवळ रीता बसली होती, तोंड घट्ट मिटून. मॅडम तिच्या शेजारी जाऊन बसल्या, तेव्हा बाबांनी "अपवित्र छाया" म्हणून नाक मुरडलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. ते डोळे मिटून ध्यानात गेले. कफनीच्या आत काहीतरी घुर्रर्र घुर्रर्र झालं. बाबांनी लगेच डोळे उघडले.

"माय निघाली! वाजव रे!"

सेवालालनं काडी टाकली. थाळ्या खणाणल्या, ढोलक्या उठल्या, पोरं ओरडली. बाबांनी फडक्यात धरून दाभण उचललं. सेवालालचे हात सवयीनं चालत होते आणि रीता त्या हातांकडे बघत होती. या हातांनी तिला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. आता हेच हात तिच्या किंकाळीवर झाकण घालायला वाजत होते. हे त्याला समजलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

त्यानं डफडं जमिनीवर ठेवलं. मग थाळीवाल्याचा हात धरला. "थांबा रे! सगळे थांबा! चूप!"

डफडं थांबलं की बाकीच्यांचे हात आपोआप रेंगाळतात. टेकाडावर एकदम शांतता पसरली.

"वाजव, मूर्खा!" बाबा किंचाळले. "माय परत जाईन! वाजव!"

आणि त्या शांततेत, टेकाडाच्या पलीकडून, एक भोंगा वाजला. लांबलचक, रडका भोंगा.

"हा कायचा भोंगा वो?" हिरीबाईनं विचारलं.

कोणी उत्तर द्यायच्या आत तळव्याखालून थरथर गेली. फूल डुललं. पण या वेळी कोणी डोकं टेकवलं नाही, कारण सगळे कान टवकारून होते. आणि दोनेक श्वास गेले असतील नसतील, तोच टेकाडामागून आवाज आला: धडाम! पाठोपाठ धुळीचा एक ढग उठला.

"खदान," धरमसिंग नायक पुटपुटला. "गिट्टीची खदान! पण ते तं मशिनीनं फोडतात ना?"

"तीन आठवड्यांपासून सुरुंगानं फोडतात," मॅडम म्हणाल्या. "गुरुवारच्या गुरुवारी, आधी इशाऱ्याचा भोंगा देऊन. हादरा खडकातून पळत येतो, आवाज हवेतून मागून चालत येतो. म्हणून आधी पायाला कळतं, मग कानाला. आणि कानाला कळू नये, म्हणून डफडं!"

तेवढ्यात बाबांची कफनी वाजू लागली. घुर्रर्र नव्हे, चांगली लग्नातल्या बँडची धून. गडबडीत बाबांचं बोट भलतीकडेच पडलं असावं, कारण पाताळातून एक तरणा आवाज मोठ्यानं बाहेर आला.

"मामा, मी रवी. सुरुंग उडला. माय हालली का बरोबर?"

सगळ्यात आधी हसली ती मोतीबाई. आधी हसली आणि मग इतकी संतापली, की बाबांच्या हातातलं दाभण हिसकावून तिनं परातीत बुडवलं. ते चर्रर्र करून विझलं. "ये, तुह्या जिभेले देतो चटका!" म्हणत ती पुढे झाली, तशी बाबांनी ब्लँकेट, नारळ आणि शेषनाग सोडून धूम ठोकली. पाताळाची वाट जवळ असूनही ते जीपकडेच पळाले. धरमसिंगनं त्यांना चहाच्या गाडीपाशी गाठलं. संध्याकाळी पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली मामा आणि खदानीत कामाला असलेला भाचा, दोघांनाही घेऊन गेले.

पण त्याआधी टेकाडावरच हिरीबाईनं एक रास्त प्रश्न विचारला. "मंग माही भिंत कायनं तडकली, मॅडम? तवा तं खदानीत सुरुंग बी नोता."

"तो खरा भूकंप होता, मावशी. लहानसा. तो परत येईल का? येऊ शकतो. कधी? कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. म्हणून भिंत नीट बांधून घ्या. हादरा बसला तर मोकळ्या जागी या. तेवढंच आपल्या हातात आहे, आणि तेवढं पुष्कळ आहे."

"आन नाव घेतलं तं येत नाई?"

मॅडमनी नुसतं परातीतल्या फुलाकडे बोट केलं. सेवालाल पोरीजवळ उकिडवा बसला. "रीता, म्हण तो शब्द."

रीतानं मान हलवली. नाही.

"म्हण, माय. मी आहो इथं."

सगळं टेकाड परातीतल्या फुलाकडे टक लावून बसलं. रीतानं ओठ ओले केले. "अर्थक्वेक," ती पुटपुटली. फूल जागचं हललं नाही. "अर्थक्वेक!" ती जरा मोठ्यानं म्हणाली. फूल तसंच. मग इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम फुटलं आणि ती टेकाडावर उभी राहून घसा फाटेस्तोवर ओरडली, पुन्हा पुन्हा ओरडली. मागून चौथीची पोरं ओरडली, मग त्यांच्या आया, मग अडखळत मोतीबाईसुद्धा. धरणी ढिम्म. सेवालाल मात्र पोरीचा आवाज ऐकून डोळे पुसत बसला होता.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगणं. बाबा संपत नसतात. एक पोलीस चौकीत गेला की दुसरा जीपमधून उतरतो. तुमच्या गावात उतरला, जमीन हलवू लागला, अंगात आणू लागला, गुप्तधन काढू लागला, तर वाद घालू नका. डफडं थांबवा. जिथं प्रश्न विचारू देत नाहीत, जिथं एवढा गोंगाट लागतो, तिथं नक्की काहीतरी झाकायचं असतं. दोन श्वास गप्प राहा आणि आपल्या कानांनी ऐका.