नऊ सेकंदांचा आरोप

मित्रांनो, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम ज्या पानावर लिहितात, ते पान म्हणजे मी. मला एडिटर म्हणतात. वय विचारू नका. मी आलो तेव्हा पडदे काळे होते आणि अक्षरं हिरवी.

मला शेकडो जणांनी फावल्या वेळात घडवलं, तेही एकमेकांचं डोकं खात. तरुणपणी माझा वेग असा, की वहिनींचं बोट बटणापर्यंत पोहोचायच्या आत मी फाइल उघडून जांभई देत बसलेला असायचो. खोटं वाटतं? विचारा त्या बटणाला!

वहिनी म्हणजे माझ्या मालकीणबाई. घरातल्या मागच्या खोलीत त्या आणि त्यांची थोरली नणंद मिळून दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम करतात. वीस वर्षं वहिनींनी माझ्यावरच लिहिलं. आता त्या खिडकीबाहेर बघतात आणि बोटं आपली आपण चालतात.

माझ्या शेजारी एक नोंदवाला राहतो. कुठल्या फाइलमध्ये कोणी, कधी, काय बदललं, ते तो टिपून ठेवतो. वहिनींनी फाइल उघडली की मी त्याला विचारतो, "काय रे, कामात काही बदल?" तो सांगतो, मी खालच्या पट्टीवर खूण करतो. पापणी लवायच्या आत सगळं उरकतं.

पण तीन महिन्यांपूर्वी त्याचं उत्तर रेंगाळायला लागलं. एक सेकंद, चार सेकंद, मग चक्क नऊ! आणि बोलणी कोणाला? मला.

"वहिनी, म्हातारा झाला गं तुझा एडिटर," वन्सं म्हणाल्या. "आज संध्याकाळी काढूनच टाक. माझ्याकडे आहे तसला नवा घे."

"वन्सं, हाताला सवय झालीये हो. नव्यावर साधी ओळ खोडायलाही शिकावं लागेल मला."

"मग बस प्रत्येक फाइलला माशा मारत!"

वहिनींचं तोंड एवढंसं झालं. मी मात्र घाबरलो नाही. माझी चूक नव्हतीच!

वहिनींनी आधी माझे सगळे दागिने उतरवले. रंगीत अक्षरं गेली, शब्द सुचवणारा गेला. अगदी लंकेची पार्वती होऊन उघडलो, तरी नऊ सेकंद. मग त्यांनी मलाच वेळ मोजायला लावला. मी छापून दाखवलं: माझं काम एका सेकंदाचा विसावा भाग, उरलेला सगळा वेळ नोंदवाल्याची वाट बघण्यात.

"आरोपीचीच साक्ष काय काढतेस?" वन्संनी नाक मुरडलं. आपला नवा एडिटर त्यांनी वहिनींच्याच कॉम्प्युटरवर बसवला आणि तीच फाइल उघडली. तोही नोंदवाल्याला विचारायला गेला आणि पडद्यावर चक्र गरगरू लागलं. नऊ सेकंद!

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या, "हाही म्हातारा झाला का हो, वन्सं? आत्ताच तर आला."

मग वहिनींनी नोंदवाल्यालाच विचारलं, "तू सांभाळतोस तरी कुठलं फोल्डर?" उत्तर आलं आणि दोघी बघतच राहिल्या. कामाच्या एका फोल्डरऐवजी तो अख्ख्या घराचा कारभार बघत होता. लग्नाचे फोटो, गाणी, मुलांची प्रमाणपत्रं, वाढत वाढत ऐंशी हजार फाइली! मी एकदा विचारलं की बिचारा दर वेळी सगळ्या खोल्यांची झडती घेऊन यायचा.

"इथून नोंद सुरू केली कोणी?" वहिनींनी विचारलं.

वन्संनी पदर सावरला. "मीच गं, तीन महिन्यांपूर्वी. एका हातात फोन होता. आधी कामाच्या फोल्डरमध्ये शिरायचं, मग हुकूम द्यायचा. शिरायचं तेवढं राहिलं."

जुन्या नोंदी जपून बाजूला ठेवल्या, कामाच्या फोल्डरमध्ये नव्याने नोंद सुरू केली. मग वहिनींनी फाइल उघडली. मी इतक्या झटकन उघडलो की टेबलावरचा चहा दचकून बशीत सांडला.

"राहू दे बाई तुझ्या म्हाताऱ्याला," वन्सं म्हणाल्या आणि आपला नवा एडिटर स्वतःच्या हातांनी काढून घेतला.

मित्रांनो, कोणी कामात मंदावलं, तर लगेच दाराबाहेर काढू नका. तो कोणाची वाट बघत थांबलाय, एवढं आधी विचारा. आणि वेळ मोजून बघा. रागाच्या भरात एक सेकंदसुद्धा नऊसारखा वाटतो.