पावणेसातचा लाल दिवा

अण्णांच्या न्हाणीघराच्या दाराशी अख्खी इमारत लोटली होती. आत गीझरचा लाल दिवा जळत होता आणि महाराज त्याच्यापुढे डोळे मिटून पुटपुटत होते. पावणेसात वाजले.

“ये, माउली!” महाराजांनी हात उचलला.

खट्. दिवा विझला. कुणाचा तरी हुंदका ऐकू आला.

अण्णांच्या अंगावर काटा आला. त्यांची बायको आयुष्यभर संध्याकाळी गीझर बंद करत फिरायची. महिन्यापूर्वी ती दवाखान्यातून परत आलीच नाही, आणि तेव्हापासून दिवा रविवार सोडून रोज पावणेसातला आपोआप विझायचा, नऊला पेटायचा. अण्णा त्या वेळी दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे आणि दिवसभराचं सगळं तिला सांगायचे.

“माउलीला सून खुपते,” महाराज म्हणाले. “तिला आजच माहेरी पाठवा. तिच्या खोलीत माझं आसन मांडा.”

सातव्या महिन्यातली सून भरलेल्या बॅगेजवळ उभी होती. मुलगा फरशी बघत होता. सगळे अण्णांच्या तोंडाकडे पाहू लागले.

“महाराज,” अण्णांची धाकटी बहीण पुढे झाली. शाळेत विज्ञान शिकवण्यात तिची हयात गेली होती. “नऊ कशाला? आत्ताच पेटवून दाखवा की!”

“आत्म्याला हुकूम सोडता येत नाही, बाई.”

“आणि रविवारी ती का येत नाही?”

“रविवारी त्यांचं मौन असतं.”

“वहिनीचं मौन? दादा, ऐकलंस का?”

अण्णांना त्याही स्थितीत हसू फुटलं.

बहीण गर्दीकडे वळली. “खरं सांगा, पावणेसातला तुमच्या घरी काय होतं?”

मग वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाकरले. “आमचाही विझतो. आम्हाला वाटलं, आमचे वडील.”

“आमच्याकडे मोठ्या जाऊबाई,” शेजारीण पुटपुटली. लाजेपायी प्रत्येकाने आपापलं भूत झाकून ठेवलं होतं.

“म्हणजे सगळी भुतं एकाच मिनिटाला कामावर येतात आणि रविवारी सुट्टी घेतात!”

तिने वहिनीच्या कपाटाच्या खणात सापडलेला कागद उघडला. वीज कंपनीचा हाच कागद घरोघर फिरला होता आणि सगळ्यांनी न वाचताच सही ठोकली होती. त्यात लिहिलं होतं: संध्याकाळी सगळे एकदमच दिवे, शेगड्या, गीझर लावतात, तारांवर ताण येतो. म्हणून खालच्या मीटरच्या खोलीतली पेटी तेवढ्या वेळापुरते गीझर थांबवते. टाकीतलं पाणी तोवर गरमच राहतं. रविवारी कारखाने बंद, म्हणून ताण कमी.

“ती पेटी बसवायला तर हेच आले होते!” वॉचमन ओरडला. “ड्रिल घेऊन. तेव्हा दाढी नव्हती.”

सगळ्यांनी वळून पाहिलं, तर महाराजांच्या चपलासुद्धा गायब.

कागद वाचला होता तो फक्त अण्णांच्या बायकोने. समासात तिचं पेन्सिलीचं अक्षर होतं: ‘सून दमून उशिरा येते. नऊनंतर तिला गरम पाणी मिळेल ना? विचारणे.’

अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग सुनेची बॅग उचलून स्वतः आत नेली.

दुसऱ्या संध्याकाळी ते पुन्हा स्टुलावर बसले. पावणेसातला दिवा विझला आणि छातीत लक्कन हललंच. पण आता दाराआड कुणी नव्हतं. सून कामावरून येताच त्यांनी तिला हाक मारली आणि दिवसभराचं तिला सांगायला घेतलं.

गेलेल्या माणसाची आठवण जरूर यावी. पण त्याच्या नावावर कुणी जित्या माणसाला घराबाहेर काढायला सांगेल, तेव्हा आधी शेजारच्याला विचारा: तुमचाही दिवा विझतो का हो?